सोसणें आणि सांगणें

“अगदीं साधी शस्त्रक्रिया आहे,” हें वाक्य आजकाल प्रत्येक घरांत कधीं ना कधीं ऐकूं येतें. मोतीबिंदु असो, अंतर्गळ असो, अपेंडिक्स असो कीं पित्ताशयांतील खडे असोत. शेजारीपाजारी, आप्तस्वकीय, एवढेंच नव्हे तर स्वतः रोगीसुद्धां हेंच वाक्य एकमेकांस सांगून धीर देत असतात. तें खोटें नसतें. परंतु शस्त्रक्रिया साधी म्हणजे ती करणाऱ्या हाताला सवयीची. ज्या शरीरावर ती होते त्या शरीराला ती बहुधा पहिलीच असते, हा भेद आपल्या ध्यानांत येत नाहीं. माझ्या ध्यानांत तो दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखांत आला, आणि आणखी एक दिवस गेला असता तर तो येऊनही उपयोग झाला नसता. त्या अनुभवाची हकीकत वाचक-भगिनींपुढें मांडावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. स्वतःच्या दुखण्याचें वर्णन करीत बसणें हें कांहीं फारशा सुरुचीचें लक्षण नव्हे, हें मी जाणून आहें. परंतु ह्या हकीकतींत दुखण्यापेक्षां दुखणें लपविण्याचा भाग अधिक आहे, आणि तो दोष माझ्या एकटीचा नव्हे अशी खात्री असल्यामुळें लिहावयास धजतें.

आमचें कुटुंब मूळचें वाईचें. पुण्यास येऊन आतां साठ वर्षें होत आलीं. सासूबाई, आम्ही दोघें, धाकटे भाऊजी व जाऊबाई, आणि दोन्हीकडचीं चार मुलें अशीं आम्ही नऊ माणसें एका छपराखालीं राहतों व एका चुलीवरचें जेवतों. मी थोरली सून. ह्या घरांत आलें त्याला तेहतीस वर्षें झालीं, आणि ह्या तेहतीस वर्षांत ‘वहिनींना विचारा’ हे शब्द इतक्या वेळां कानांवर पडले आहेत कीं, मी अंथरूण धरलें तर घरांत कोणाला कांहीं सुचणार नाहीं अशी माझी गोड समजूत होऊन बसली होती. सासूबाईंचे गुडघे, ह्यांचा रक्तदाब, जाऊबाईंची शाळेंतील नोकरी, मुलांच्या परीक्षा. सर्वांच्या पथ्यपाण्याची आणि वेळापत्रकांची किल्ली माझ्या कमरेला. आणि माझें स्वतःचें दुखणें? तें “कांहीं नाहीं, थोडें पित्त झालें आहे” ह्या एका वाक्यांत संपत असे.

हें ‘थोडें पित्त’ दीड-दोन वर्षें चाललें होतें. तळलेलें कांहीं खाल्लें कीं मध्यरात्रीं उजव्या बरगडीखालीं कळ उठे, ती उजव्या खांद्यापर्यंत पोंचे आणि तास-दोन तासांनीं आपोआप निवे. मी उठून आवळासुपारी तोंडांत टाकीत असें, पोटाशीं उशी धरून बसत असें आणि पहाटे नेहमींच्या वेळीं दूध तापवावयास जात असें. शेवटीं दिवाळींत चकल्यांचा घाणा काढतां काढतां अशी कळ आली कीं झारा हातांतून गळून पडला. तेव्हां ह्यांनीं मला जवळजवळ ओढूनच डॉक्टरांकडे नेलें. सोनोग्राफींत पित्ताशयांत खडे दिसले.

यकृतांत रोज सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतें. त्यांतील कांहीं भाग सांठवून, दाट करून, जेवणानंतर आंतड्यांत सोडणारी ही लहानशी पिशवी. तिच्यांत खडे झाले आणि ते त्रास देऊं लागले म्हणजे पिशवीच काढून टाकणें हा रूढ उपाय आहे. पोटावर चार लहान छिद्रें, दुर्बिणीनें सारें काम, दुसऱ्या दिवशीं घरीं, आणि आठ-दहा दिवसांत नेहमींचे व्यवहार! शस्त्रवैद्यांनीं कागदावर चित्र काढून सर्व समजावून सांगितलें. संभाव्य उपद्रवही सांगितले: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त गळणें, मुख्य पित्तनलिकेला इजा. “पित्त गळण्याचा प्रकार शंभरांत एखाद्याला होतो,” असें ते म्हणाले, तेव्हां उरलेल्या नव्याण्णवांत आपण आहोंच, असें मीं मनांत ठरवून टाकलें. संमतिपत्रावर न वाचतांच सही केली.

तरीही दिवाळीपासून वैशाखापर्यंत मीं ती गोष्ट लांबणीवर टाकली. कधीं संक्रांत आडवी आली, कधीं मुलांच्या परीक्षा. पुढें धाकट्या पुतण्याची मुंज ठरली, आणि ऐन कार्यांत कळ उठली तर शोभा होईल ह्या धाकानें मी एकदांची तयार झालें. मुहूर्ताला अठरा दिवस होते. आठ दिवसांत मी उभी राहीन, उरलेल्या दहा दिवसांत लाडू-चिवडा होईल, असा माझा हिशेब होता. माझ्या पोटाला मात्र हा हिशेब कोणीं कळविला नव्हता.

सोमवारीं शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आलें तेव्हां घसा कोरडा पडला होता आणि दोन्ही खांदे भरून आले होते. दुर्बिणीनें नीट दिसावें म्हणून पोटांत जो वायु भरतात, त्यामुळें खांदे एक-दोन दिवस दुखतात असें परिचारिकेनें सांगितलें. शस्त्रवैद्य संध्याकाळीं येऊन गेले. “सूज अपेक्षेपेक्षां अधिक होती, म्हणून थोडा वेळ लागला, पण काम नीट झालें,” असें त्यांनीं सांगितलें. काढलेले खडे एका बाटलींत घालून दिले होते. मिरीच्या दाण्याएवढे ते अकरा खडे पाहून माझ्या दोन वर्षांच्या रात्रींना जणूं पुरावा मिळाला. मंगळवारीं दुपारीं मी घरीं आलें. बुधवारीं सोफ्यावर बसून लाडवांच्या पाकाबद्दल सूचना देऊं लागलें. हे येईल त्या फोनवर “आमची मंडळी ठणठणीत आहे” असें सांगत होते, आणि समाचारास येणारीं माणसें “बघा, आहे कीं नाहीं साधें!” म्हणून चहा घेऊन जात होतीं.

गुरुवारीं दुपारीं पोटांत जडपणा वाटूं लागला. तें दुखणें पूर्वीच्या कळेसारखें नव्हतें. कळ चोरासारखी येते आणि जाते. हें बिऱ्हाड करावयास आलें होतें. सगळें पोट आंतून भरून आल्यासारखें, किंचित् फुगल्यासारखें वाटे. अन्नावरची वासना उडाली. शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हां दुखायचेंच, अशी मीं स्वतःची समजूत घातली. वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. त्या घेतल्या कीं दोन-तीन तास बरे जात, आणि तेवढ्या वेळांत कोणीं विचारलें कीं मी “बरें आहे” म्हणत असें. पुढें मला कळलें कीं, उदरांत सांडलेलें पित्त प्रारंभीं मोठा आकांत करीलच असें नाहीं. तें हळूहळू सांचतें, आणि गोळ्या त्याच्या तोंडावर हात ठेवतात. शुक्रवारीं अंगांत कसकस वाटली म्हणून कोणी नसतांना तापमापक लावून पाहिला. पारा नव्याण्णवाच्या वर गेला होता. मीं तापमापक पुसून जागेवर ठेवून दिला.

येथें मला प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे. मी भोळी नव्हतें. घरीं सोडतांना रुग्णालयानें जो कागद दिला होता, त्याच्या तळाशीं स्पष्ट छापलें होतें: ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणें, वांत्या, डोळे पिवळे होणें, ह्यांपैकीं कांहींही झाल्यास दिवस-रात्र न पाहतां कळवावें. खालीं दूरध्वनीचा क्रमांक होता. तो कागद मुंजीच्या निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखालीं खणांत होता, आणि तो तेथें आहे हें मला ठाऊक होतें. मीं तो काढला नाहीं. कार्य अकरा-बारा दिवसांवर आलेलें. जाऊबाई शाळा सांभाळून माझें सारें काम उपसताहेत. हे चार दिवसांनीं प्रथमच मोकळेपणीं हंसले आहेत. अशा वेळीं पुन्हां आपलें रडगाणें कोणत्या तोंडानें काढावें, असें मला वाटे. आणि त्याहून खोल एक अभिमानही होता. सोशीक म्हणून माझी ख्याति होती. मुलांच्या जन्माच्या वेळीं मी ओरडलें नव्हतें, ही गोष्ट आमच्या घरांत कौतुकानें सांगितली जात असे. ती ख्याति मला प्रिय होती.

जिना चढावा लागूं नये म्हणून त्या दिवसांत माझी निजण्याची व्यवस्था खालीं सासूबाईंच्या खोलींत केली होती. शनिवारीं रात्रीं दोनचा सुमार असेल. मी उताणी, छताकडे पाहत पडलें होतें; कुशीवर वळणें अशक्य झालें होतें. अंधारांतून सासूबाईंचा आवाज आला,

“झोप नाहीं ना लागत?”

“लागली होती, आई. आतांच जाग आली.”

“खोटें बोलूं नकोस. दोन रात्री तुझा श्वास ऐकतें आहें मी. झोपलेलें माणूस असा वरच्यावर श्वास घेत नाहीं.”

ऐंशी उलटलेल्या सासूबाई काठी घेऊन उठल्या. दिवा लावून माझ्यापाशीं आल्या आणि त्यांनीं माझ्या पोटावर हात ठेवला. तो हात हलका होता, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला. पोट पखवाजासारखें ताणलें होतें.

“कधींपासून?”

“गुरुवारपासून. पण आई, मुंज आली आहे तोंडावर. एवढें कार्य पार पडूं द्या, मग...”

माझें वाक्य पुरें झालें नाहीं. त्या खाटेच्या कांठावर बसल्या आणि अशा आवाजांत बोलूं लागल्या, कीं तो आवाज मीं तेहतीस वर्षांत ऐकला नव्हता.

“हेंच वाक्य मीं पूर्वीं एकदां ऐकलें आहे. वाईच्या घरीं माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. १९६२ सालीं, आमच्या वन्सांचें लग्न आठ दिवसांवर आलें आणि त्यांच्या पोटांत दुखूं लागलें. ‘कार्य पार पडूं द्या, मग बघूं’ म्हणाल्या. चार दिवस पदर खोंचून उभ्या होत्या. मी नवी सून. मला दिसत होतें, पण बोलायची छाती नव्हती. पांचव्या दिवशीं साताऱ्यास नेलें, तों अपेंडिक्स फुटून सगळ्या पोटांत विष पसरलें होतें. त्या परत आल्या नाहींत. घराला सुतक आलें, लग्न लांबलें. ज्या कार्यासाठीं त्यांनीं सोसलें, तें कार्यसुद्धां झालें नाहीं! सगळे म्हणाले, केवढी सोशीक बाई! तेव्हां मीही म्हटलें. आतां नाहीं म्हणत.”

एवढें बोलून त्यांनीं काठीनें दार ठोठावून ठोठावून साऱ्या घराला जागें केलें. मला तर वाटतें, मला जीवदान मिळालें तें प्रथम त्या काठीच्या आवाजानें. रुग्णालय, यंत्रें आणि औषधें हीं त्यानंतरचीं.

रुग्णालयांत सी.टी. स्कॅन झाला. यकृताखालीं आणि पोटांत पुष्कळ द्रव सांचला होता. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या साहाय्यानें बरगडीखालून एक नळी आंत बसविली, तेव्हां जोडलेल्या पिशवींत हिरवट-पिवळें पित्त वाहूं लागलें. पहिल्या दिवशीं सुमारें सव्वा लिटर भरलें! शस्त्रवैद्य पहाटे घरून धांवत आले होते. त्यांनीं आमच्यापासून कांहीं लपविलें नाहीं. पित्ताशय काढतांना त्याला जोडणारी बारीक नलिका धातूच्या लहान चापांनीं, म्हणजे क्लिपांनीं, बंद करतात. माझी नलिका सुजलेली होती. सुजलेल्या नलिकेवर बसविलेली क्लिप सूज उतरतांना कधीं कधीं सैल पडते, आणि मग त्या तोंडांतून पित्त झिरपूं लागतें. “तें काम माझ्या हातचें आहे, आणि तें निस्तरणेंही माझेंच आहे,” असें ते ह्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनीं इतकेंच विचारलें, “गुरुवारीं मला फोन कां केला नाहींत?”

आमच्या थोरल्या चिरंजिवांना मात्र राग आवरेना. तरुण रक्त, रुग्णालयावर तक्रार करावी, हजेरी घ्यावी, असें त्याचें चाललें होतें. मीं त्याला जवळ बोलावून म्हटलें, “अरे, क्लिप सुटली हा त्यांचा दोष धरावयाचा कीं नाहीं तें तूं मागाहून ठरीव. पण गुरुवारपासून शनिवारपर्यंतचे तीन दिवस कोणाच्या खात्यावर मांडणार आहेस? ते माझे आहेत.” तो कांहीं बोलला नाहीं, परंतु त्यानंतर तो रागावलेला न दिसतां भ्यालेला दिसूं लागला. त्याचा राग हा भीतीचाच एक वेष होता, हें तेव्हां मला कळलें.

सोमवारीं दुसरा उपचार झाला. त्याला ई.आर.सी.पी. म्हणतात. गुंगीचें औषध देऊन तोंडावाटे दुर्बीण लहान आंतड्यापर्यंत नेतात आणि तेथून पित्तनलिकेच्या तोंडांतून प्लॅस्टिकची एक बारीक नळी, म्हणजे स्टेंट, आंत सरकवितात. पोट उघडावें लागत नाहीं. छिद्र आंत राहूं देऊन नुसती नळी घातल्यानें गळती कशी थांबणार, हें मला उमगेना. तेव्हां त्या डॉक्टरांनीं घरगुती दृष्टांत दिला. नळाची तोटी घट्ट बंद असली म्हणजे पाणी फुटक्या सांध्यांतून उसळतें. तोटी पुरी उघडून ठेवली कीं पाणी सोप्या वाटेनें जातें आणि सांध्यावरचा जोर कमी होतो. पित्तनलिकेच्या तोंडाशीं स्नायूची एक झडप असते. नळीनें ती उघडी राहते, पित्त आंतड्यांत उतरतें, आणि सैल पडलेली जागा आपली आपणच मिटते. शरीराला रस्ता मोकळा करून द्यावा, बाकीचें तें करतें, ही गोष्ट मला पुढें अनेक वेळां आठवली.

दुरुस्ती सुरू झाली, ती पिशवींतील आंकड्यांवरून दिसूं लागली. ज्याची मुंज व्हावयाची होती तो आठ वर्षांचा पुतण्या रोज संध्याकाळीं येऊन एका वहींत आंकडा टिपीत असे: तीनशें, दोनशें, एकशें वीस, साठ, तीस. परीक्षेंतील गुण उतरतां उतरतां आनंद व्हावा, असा प्रसंग त्याच्या आयुष्यांत पहिलाच! श्वासाच्या व्यायामाचें तीन चेंडूंचें एक यंत्र मला दिलें होतें; त्यांतला तिसरा चेंडू वर जाईना म्हणून तो मला शिकवीत बसे. पलंगावरून उठून बारा पावलें चालणें, हा एका दिवसाचा पराक्रम असे. शक्ति कशी गेली हें कळलें नव्हतें; ती कशी येते हें मात्र कणाकणानें कळत होतें. एके सकाळीं शेजारच्या रुग्णाच्या डब्यांतील मेतकुट-भाताचा वास आला आणि मला भूक लागली. दहा दिवसांनीं लागलेली ती भूक पाहून माझे डोळे भरून आले.

मुंज माझ्यावांचून झाली. जाऊबाईंचें मन ती पुढें ढकलावी असें होतें. मीं आणि सासूबाईंनीं तें होऊं दिलें नाहीं. मुहूर्ताच्या वेळीं भाच्यानें मोबाइलवरून मला सारें दाखविलें. मातृभोजन झालें, बटूनें भिक्षा मागितली, पंगती उठल्या. लाडू बरोबर वळले होते, आहेरांची यादी चुकली नव्हती, कोणाचें काहीं अडलें नव्हतें. खरें सांगूं? पहिल्या क्षणीं मला आनंद झाला नाहीं. आपल्यावांचून घर चालतें, हें पाहणें थोरल्या सुनेला सोपें नसतें. दुसऱ्या क्षणीं वाटलें, ज्यांनीं हें सगळें निभावून नेलें त्यांना माझें दुखणें पेलवलें नसतें, असें मीं कशावरून धरलें?

ह्याच प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या दिवशीं जाऊबाईंनीं दिलें. नळी काढल्यानंतर त्या माझी वेणी घालीत बसल्या होत्या. एकदम थांबून म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही आम्हांला त्रास नको म्हणून बोलला नाहींत, असें सगळे म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. तुम्ही आम्हांला परकें केलेंत. मला ताप आला तेव्हां तुम्ही रात्र रात्र बसलांत. आणि तुमच्या तापाच्या वेळीं मला लाडवांचा पाक सांगत होतांत.” मला उत्तर सुचलें नाहीं. आपलें दुखणें लपविणारा माणूस स्वतःला उदार समजतो. परंतु ज्यांच्यापासून तो लपवितो त्यांच्या प्रेमावर तो अविश्वास दाखवीत असतो, ही गोष्ट मला कोणीं इतक्या सरळ शब्दांत कधीं सांगितली नव्हती.

घरीं आल्यावर सक्तीच्या विश्रांतींत मीं ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचून काढला. कार्ल लांगेनबूख ह्या शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं बर्लिन येथें प्रथम एका ४३ वर्षांच्या रोग्याचें पित्ताशय काढलें. पुढें जवळजवळ शंभर वर्षें हें काम पोटावर मोठा छेद घेऊनच होत असे. १९८५ सालीं जर्मनींत एरिश म्यूहे ह्यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें तें केलें, तेव्हां त्यांच्याच देशांतील शस्त्रवैद्यांनीं प्रथम त्यांची उपेक्षा केली. आपल्याकडे १९९० सालीं डॉ. तेहमटन उडवाडिया ह्यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ही पद्धति आणली. मला ज्या ई.आर.सी.पी.नें वांचविलें, तिच्यांत पित्तनलिकेची झडप दुर्बिणींतून कापण्याची युक्ति १९७४ सालीं जर्मनींत व जपानांत निघाली. म्हणजे आपण जिला सहज ‘साधी’ म्हणतों, ती साधी व्हावी म्हणून शंभर वर्षें कित्येकांनीं बुद्धि झिजविली आहे.

हें वाचतांना एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. पोटावर मोठा छेद घेत असत त्या काळीं रोगी आठ-आठ, दहा-दहा दिवस रुग्णालयांत असे. चौथ्या-पांचव्या दिवशीं कांहीं बिघाड झाला तर तो परिचारिकेच्या डोळ्यांखालीं होई. ती नाडी पाही, ताप टिपी, पोटाला हात लावी. आतां रोगी दुसऱ्या दिवशीं घरीं येतो. ही केवढी तरी सोय आहे, तींत शंका नाहीं. परंतु त्या बिघाडाचा दिवस कांहीं अलीकडे सरकलेला नाहीं. तो पूर्वींच्याच वेळेला येतो, आणि त्या वेळीं रोगी आपल्या घरांत असतो. रुग्णालयांतील पहारा उठला आहे; तो घरच्या माणसांवर आणि रोग्याच्या स्वतःच्या जिभेवर आला आहे. ती जीभ जर “बरें आहे” म्हणण्याला सवकलेली असेल, तर उत्तमोत्तम शस्त्रवैद्यही हतबल होतो.

म्हणून ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांना चार शब्द सांगतें. संमतिपत्र वाचून मगच सही करावी, आणि वाचतांना घरचें एक माणूस शेजारीं असावें. घरीं सोडतांना मिळालेला कागद खणांत न ठेवतां सर्वांच्या नजरेसमोर चिकटवावा. पहिले आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप पाहून तो दुसऱ्यानें टिपावा, रोग्यानें नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचें दुखणें रोज थोडें थोडें उतरावयास हवें. उतरलेलें दुखणें पुन्हां चढूं लागलें, पोट फुगलें, अन्न नकोसें झालें किंवा डोळे पिवळे दिसले, तर तें शस्त्रक्रियेचें ‘साहजिक दुखणें’ समजूं नये. रात्रीं दोन वाजतां डॉक्टरांना उठविण्याचा संकोच तर मुळींच करूं नये. आणि समाचारास जाणाऱ्यांनीं “साधेंच तर होतें” असें म्हणून रोग्याच्या तोंडाला कुलूप घालूं नये. तें वाक्य ऐकल्यावर तक्रार करणें त्याला अपराधासारखें वाटतें. मला वाटलें होतें.

सहा आठवड्यांनीं स्टेंट काढला. त्याला दहा-पंधरा मिनिटेंसुद्धां लागलीं नाहींत. आतां मी पूर्ववत् आहें. चकली खातें, जिना चढतें, घराच्या किल्ल्या मात्र दोघींच्या कमरेला आहेत. पोटावर पांच खुणा आहेत. चार ठरलेल्या आणि एक आगंतुक. त्या पांचवीकडे पाहिलें कीं वाईच्या त्या न पाहिलेल्या चुलत-सासूबाई आठवतात. सोसणें हा दोष नव्हे. जें टळत नाहीं तें सोसावेंच लागतें, आणि तें शांतपणें सोसणाऱ्या माणसाचा मला आजही आदर वाटतो. पण जें सांगितल्यानें टळतें तें न सांगतां सोसणें, ह्याला आमच्या घरांत आतां कोणी सद्गुण म्हणत नाहीं.

त्या वैशाखापासून रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं सासूबाई पानावरून उठण्यापूर्वीं सर्वांवर नजर फिरवून विचारतात, “आज कोणाचें काय दुखतें?” मुलें थट्टेनें नाना दुखणीं सांगतात, एकाचें गणित दुखतें, तर दुसऱ्याचा मोबाइल. पण त्या थट्टेंत कधीं एखादें खरेंही निघून जातें. मागच्या महिन्यांत त्या जरा लंगडतांना दिसल्या म्हणून मीं त्यांनाच उलट विचारलें, “आई, आज तुमचें काय दुखतें?”

“कांहीं नाहीं ग, थोडें...” एवढें बोलून त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलें, हंसल्या, आणि उजवा पाय पुढें करून म्हणाल्या, “हा गुडघा. चार दिवस झाले. उद्यां दाखवूं या.”